पाठीमागची गादी

एक्केचाळीस.

तिनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. आकडा काही बदलायला तयार नव्हता.

दुपारची वेळ होती. सकाळचे पेशंट निघून गेले होते, संध्याकाळचे अजून यायचे होते, दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या मॅडम जेवायला घरी गेल्या होत्या, आणि व्यायामाच्या त्या लांबट हॉलमध्ये ती आणि डोक्यावर कुरकुरणारा जुना पंखा एवढेच दोघे उरले होते. ती इथली फिजिओथेरपिस्ट. गुडघे बदललेले, हाड मोडून प्लास्टरमधून नुकते सुटलेले, महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेले असे लोक तिच्याकडे यायचे, आणि त्यांच्या मांडीत किती जोर परत आला ते ती कोपऱ्यातल्या यंत्रावर मोजून सांगायची. यंत्राला कंपनीनं चांगलं हातभर लांब नाव ठेवलं होतं, पण सगळे त्याला खुर्चीच म्हणायचे. खुर्चीत बसायचं, कमरेचा पट्टा आवळायचा, नडगीवर आडवी गोल उशी टेकवायची आणि पाय सरळ करायचा. व्यायामाच्या वेळी उशी वजनासकट वर यायची. मोजायच्या वेळी मात्र दांडा जाम करून टाकायचा. मग माणसानं कितीही जीव खाऊन ढकललं तरी काही हलायचं नाही. समोरच्या स्क्रीनवर किलोचा आकडा तेवढा चढायचा आणि दम संपला की थांबायचा.

तिचा आकडा शेहेचाळीसवर थांबायचा. कधी पंचेचाळीस, कधी सत्तेचाळीस, पण घुटमळायचा तिथंच. आई गेल्यापासून ती दर महिन्याला अशी गुपचूप खुर्चीत बसायची. हे कोणालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याला पाय दाखवायची पाळी येऊ नये म्हणून ती स्वतःच स्वतःचा पाय तपासत होती.

मोजण्याच्या बाबतीत ती भलतीच काटेकोर होती. पहिला जोर धरायचाच नाही, असा तिच्या हॉलचा नियम होता, कारण पहिल्या वेळेला माणूस यंत्राला बुजतो. पुढच्या तीनांतला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. पाठीच्या फळीची पिन प्रत्येकाची ठरलेल्या भोकातच पाहिजे, कारण एक भोक पुढेमागे झालं की आकडाही पुढेमागे होतो. तिची पिन चौथ्या भोकात होती. तिनं वाकून पुन्हा पाहिलं. चौथंच.

"एक-दोन किलोचं काय घेऊन बसलात?" हे ती पेशंटना दिवसभर ऐकवायची. "झोप झाली नाही, घाईघाईत आलात, घरी भांडून आलात, की तेवढा फरक पडतोच. तो पायाचा दोष नाही." हे तिला शंभर टक्के मान्य होतं. पण एक-दोन म्हणजे पाच नव्हेत.

तिनं पट्टा पुन्हा आवळला आणि पुन्हा ढकललं. चाळीस. 

आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी जिना जड जायला लागला. "या पायऱ्या कोणीतरी उंच केल्यात बाई," असं आई म्हणायची आणि सगळे हसायचे. मग ती कठडा धरायला लागली. मग बसल्या जागेवरून उठताना हात गुडघ्यावर टेकवायला लागली. मग केस विंचरायला हात वर जाईना. शेवटी तर छातीच्या स्नायूंनीही काम टाकलं, आणि श्वास घेण्यासारखी फुकटची गोष्ट आईला एखाद्या मजुरीसारखी करावी लागली. डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की हा आजार रक्तातून उतरतो, मुलांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि रक्त तपासून ते कळू शकतं.

"औषध आहे का?" भावानं विचारलं होतं.

"अजून तरी नाही."

"मग नुसतं नाव कळून काय करू?" तो उठलाच. तीही त्याच्यामागून उठली. त्यानंतर या विषयावर दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता. भावानं लग्न केलं, त्याला मुलगी झाली. तिनं लग्नाचं नाव काढू दिलं नाही आणि कोणी कारण विचारलं की ती हसून दुसरंच काहीतरी बोलायची.

आता त्या दुपारनंतर तिचं कशातच लक्ष लागेना. घरी भांडं उचललं की वाटायचं, हे काल इतकं जड होतं का? बसमधून उतरताना दांडा आपोआप हातात यायचा, आणि आपण दांडा धरलाय हे नंतर लक्षात यायचं. ती मुद्दाम दांडा सोडायची, आणि सोडला की पाय लटपटायचे. भीतीनं लटपटतात की आतूनच गेलेत, हे सांगणारं यंत्र जगात नव्हतं. जे होतं त्यावर ती आता रोज बसायला लागली होती, अगदी पेशंटना ज्यासाठी ती रागवायची तसंच. बेचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि तरी दर दुपारी हॉल रिकामा झाला की तिचे पाय त्या कोपऱ्याकडे वळायचेच.

तिला जरासा आधार दिला तो मास्तरांनी.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नवा गुडघा बसवल्यापासून ते नेमानं येत होते आणि आयुष्यभर मुलांना मार्क दिल्यामुळे स्वतःच्या मार्कांवर त्यांचा फार जीव होता. त्यांनी त्या दिवशी जोर लावला, आकडा पाहिला आणि चष्मा पुसला.

"पोरी, मागच्या खेपेपेक्षा दोन कमी?"

"दोन म्हणजे काहीच नाही, मास्तर."

"अगं, पण मी घरी व्यायाम केलाय. बायकोला विचार. मी काही अभ्यास न करता परीक्षेला बसलेलो नाही." त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "माझा गुडघा मागे चाललाय, की तुझ्या या परीक्षकाचंच डोकं फिरलंय?"

ती हसली, पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. परीक्षकाचंच डोकं फिरलं असेल तर? तिनं त्या आठवड्यात आलेल्यांचे आकडे आठवून पाहिले. सायकलवरून पडलेला तो पोस्टमन, तोही वाढायच्या जागी अडकून बसला होता. मोठ्या मॅडमच्या मावशीही. खुर्चीच कमी दाखवत असेल, तर तिच्या पायाला काहीच झालेलं नव्हतं. नुसत्या विचारानंच तिला हायसं वाटलं. तिनं लगेच कंपनीला फोन लावला. मेकॅनिक बाहेरगावी होता, पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले.

पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला तिच्यात जीव उरला नव्हता. तिला आजच्या आज असा एक माणूस हवा होता, ज्याच्या ताकदीबद्दल शंकाच नको, आणि ज्याचा जुना आकडाही ठाऊक हवा. असा माणूस एकच होता. हॉलच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात, खुर्ची नवी आली त्या वर्षी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'पैलवान – ९२'. पुसायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण तो आकडा पुन्हा कोणी गाठलाच नाही.

पैलवान म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कुस्तीच्या आखाड्याचं तोंडही त्यानं पाहिलेलं नव्हतं. घरसामान हलवायचा त्याचा धंदा होता आणि एकट्यानं पाठीवर कपाट घेऊन तो जिने चढायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. लहानपणी पाण्याची भरलेली बादली तो दोन बोटांनी उचलून दाखवायचा आणि आई ओरडायची.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो आला. दारातच थांबून त्यानं दम घेतला.

"ताई, लोकांचे पाय बरे करायचं दुकान दुसऱ्या मजल्यावर कोणी काढतं का गं? खाली काढलं असतं तर निम्मे पेशंट आपोआप बरे झाले असते."

"तुझं पोट सुटलंय, म्हणून दम लागतो. ट्रक चालवायचा आणि ओझी दुसऱ्यांना उचलायला लावायची. शेठ झालास शेठ."

"कंबर धरते गं हल्ली. आणि माणसं ठेवलीत ती काय पूजा करायला?" त्यानं खुर्चीकडे पाहिलं. "बोल, काय करायचंय?"

"काही नाही. यंत्र बरोबर चाललंय का ते बघायचंय. तू फक्त ढकल."

तो बसला. त्याच्या मांड्या लांब. पाठीची फळी शेवटच्या भोकात नेली तरी गुडघा जागेवर येईना. तिनं पाठीमागची काळी गादी चर्रकन ओढून काढली, बाजूला ठेवली आणि त्याला म्हणाली, "आता टेक मागे." गुडघा बरोबर जागेवर आला. तिनं पट्टा आवळला.

पहिला जोर तिनं धरलाच नाही. दुसऱ्याला एकाहत्तर आले. मग सत्तर. मग पुन्हा एकाहत्तर. शेवटच्या खेपेला त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि दात आवळले गेले होते.

त्यानं मान वर करून फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं. 

ती मात्र हसायलाच लागली. तिला हसू आवरेना. ती तिथंच खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत राहिली, आणि हसता हसता तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. चोरून मोजणं, एक्केचाळीस, बसचा दांडा, सगळं. "मी वेडी झाले होते रे. वाटलं, संपलं. आईचं आलं माझ्यात. आणि हे बघ, तुलाच एकाहत्तर दाखवतंय. तुला! म्हणजे यंत्रच बिघडलंय."

"म्हणजे तू इतके दिवस एकटीच…" तो थांबला. तिच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. "मला सांगायचंस ना."

"आता सांगितलं ना."

"बरं झालं." तो पट्टा सोडवत म्हणाला. मग थोडा वेळ आपली मांडी चोळत बसला. "यंत्रच ना? नक्की?"

"शंभर टक्के."

"मग दुरुस्त करून घे आणि मला बोलव. ब्याण्णव दाखवून जातो. फळ्यावरचं पुसू नको."

ते दिवस तिचे फार सुखाचे गेले. तिला झोप लागली. बसमधून उतरताना दांड्याला तिनं हात लावला नाही आणि पायही लटपटले नाहीत. मास्तरांना तिनं सांगून टाकलं की दोष परीक्षकाचा आहे, तेव्हा मास्तर असे खूश झाले की जाताना काठी विसरून गेले. भावाशी फोनवर बोलताना तिनं एकदा विचारलं, "कंबर कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे, शनिवारी संध्याकाळी तुला घ्यायला येतो, जेवायला ये, छोटी आत्या-आत्या करून डोकं खातेय." ती हो म्हणाली.

शनिवारी दुपारी मेकॅनिक आला. कमी बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. दोन-तीन खेपांत वर आणलेल्या पेट्यांतून त्यानं मोजून मापलेली वजनं काढली, खुर्चीमागचे स्क्रू काढले आणि एकेक वजन दांड्याला टांगत गेला. दहा टांगलं, स्क्रीननं दहा दाखवलं. वीसला वीस. पन्नासला पन्नास. 

"वरचे आकडे बघा," ती म्हणाली. "कदाचित जास्त वजनाला चुकत असेल."

त्यानं वजनं वाढवली. ऐंशीला ऐंशी. नव्वदला नव्वद.

"खुर्ची अगदी काट्यावर आहे, मॅडम. तुम्हाला कोणी सांगितलं बिघडलीय म्हणून?"

 यंत्र खरं बोलत होतं. म्हणजे एक्केचाळीसही खरेच होते. कठडा, केस, श्वास, आईचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती समोरच्या खुर्चीतच बसली. बसल्यावर पट्टा आवळायची हातांना सवयच होती. पिन चौथ्या भोकात होती. तिनं डोळे मिटले आणि ढकललं. पहिला धरला नाही. मग पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा.

डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर सत्तेचाळीस होते.

तिला आधी वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून नीट दिसत नाही. तिनं पुन्हा ढकललं. शेहेचाळीस. मग तिला पाठीला फळीचा कडकपणा जाणवला. हात मागे नेऊन तिनं चाचपलं. गादी नव्हती. मागचे स्क्रू काढायला म्हणून मेकॅनिकनं ती काढून जमिनीवर ठेवली होती.

गादी! म्हाताऱ्या पेशंटना फळी टोचते म्हणून मोठ्या मॅडमनी अलीकडेच ती आणली होती. काळी, फळीच्याच रंगाची, फळीला चिकटवायची. चिकटवल्यापासून ती खुर्चीचाच भाग होऊन गेली होती. गादीमुळे माणूस चार बोटं पुढे सरकतो, गुडघा जागेवर राहत नाही आणि आकडा उतरतो. ती रोज वाकून वाकून भोकं मोजत राहिली आणि पाठीमागे काय आहे ते तिनं पाहिलंच नाही. मास्तर, पोस्टमन, मावशी, सगळ्यांचं घोडं त्या गादीवरच अडलं होतं.

तिच्या डोळ्यांना धार लागली. जिवात जीव येणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. तिला काही झालं नव्हतं. तिच्या पायात तिचीच ताकद होती, सगळीच्या सगळी. तिला मोठमोठ्यानं गावंसं वाटत होतं.

"यंत्र बरोबर आहे म्हटल्यावर रडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," मेकॅनिक पेट्या बंद करत म्हणाला. तोही जरा हसला आणि निघून गेला.

ती उठली. ही गादी आता कपाटात टाकायची आणि पुन्हा बाहेर काढायची नाही, असं ठरवून तिनं ती उचलली. मागच्या चिकटपट्टीला एक कापडी पट्टा अडकला होता. तिनं तो ओढला, आणि चर्रकन आवाज झाला.

हा आवाज तिनं याआधी ऐकला होता. 'आता टेक मागे.'

ती गादी छातीशी धरून तशीच उभी राहिली. भाऊ बसला होता तेव्हा ही गादी तिनंच काढली होती. हातांनी काढली, तो गेल्यावर हातांनीच परत लावली, डोक्यापर्यंत ते पोचलंच नाही. तो बसला तेव्हा गादी नव्हती, पिन त्याच्याच भोकात होती, गुडघा जागेवर होता, पहिला जोर सोडून दिला होता आणि यंत्र काट्यावर होतं. इतकं चोख मोजमाप तिनं त्या महिन्यात दुसऱ्या कोणाचं केलंच नव्हतं. आणि ते एकाहत्तर आले होते.

 तिनं पळवाटा शोधायला सुरुवात केली. तो दमलेला असेल. पण दमला म्हणून कोणाचे वीसच्या वर किलो जात नाहीत. ट्रकवर बसून सवय मोडली असेल. पण ट्रकवर बसला तो कंबर धरते म्हणून, आणि कंबर कधीपासून धरते हे तिनं विचारलंच नव्हतं, वर शेठ म्हणून चिडवलं होतं. मग जुना आकडाच चुकला असेल, त्या दिवशी गंमत चालली होती. पण त्या दिवशी तो पहिल्यांदाच खुर्चीत बसला होता, आणि पहिल्यांदा बसणारा माणूस बुजून कमीच दाखवतो. म्हणजे खरा आकडा ब्याण्णवच्याही वर असणार. ज्या वाटेनं पळावं ती वाट तिला आणखी आत घेऊन जात होती. दारात उभं राहून तो दम घेत होता आणि दुसऱ्या मजल्यावरून विनोद करत होता. आईही पायऱ्यांवरूनच विनोद करायची.

त्याला ती माप म्हणून घेऊन आली होती. आजाराची निम्मी शक्यता दोघांनाही आहे हे तिला पाठ होतं, तरी त्याला समोर बसवताना तिच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. पैलवानाला काय होणार? आणि त्याचा आकडा पडलेला पाहून ती हसली होती. जमिनीवर बसून, त्याच्या देखत, तोंड झाकून हसली होती. तिला आता स्वतःची शिसारी आली. त्याहून वाईट म्हणजे सत्तेचाळीसचा आनंद अजून अंगातून पुरता गेलाही नव्हता. तो कुठेतरी खाली, लाज सोडून तसाच बसून होता.

सांगायचं कसं? सांगायचं की नाही? नाव कळून काय करू, असं त्यानंच तर विचारलं होतं. पण तेव्हा छोटी नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. एक जोडी टणाटण उड्या मारत येत होती आणि दुसरी सावकाश. तिनं गादी घाईघाईनं कपाटात कोंबली आणि तोंड पुसलं.

"आत्या!" छोटी धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. तिच्यामागून भाऊ आला. कठड्यावरचा हात त्यानं दारात आल्यावर सोडला.

"काय म्हणाला मेकॅनिक?"

"अरे, काही नाही." तिनं उसनं अवसान आणलं. "गादी होती. पाठीमागे एक गादी लावलेली होती, तिच्यामुळे सगळ्यांचे आकडे कमी येत होते. ती काढली. माझे सत्तेचाळीस आले."

त्याचा चेहरा उजळला. अगदी मनापासून उजळला, हे तिला स्पष्ट दिसलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं? सत्तेचाळीस! उगाच जिवाला घोर लावून घेतलास." तो बोलता बोलता भिंतीपाशी गेला, फळ्यावरच्या आपल्या आकड्यापाशी. तिथं थोडा वेळ पाठमोरा उभा राहिला. मग म्हणाला, "गादी म्हणजे ती काळी का गं? माझ्या वेळी तू काढलेली?"

 इतकी वर्षं पेशंटना समजावण्यात गेली, कुठला शब्द कधी वापरायचा ते तिला तोंडपाठ होतं, आणि त्या क्षणी तिला साधं 'नाही'सुद्धा म्हणता आलं नाही. पंखा कुरकुरत होता. भाऊ वळला नाही.

"बाबा, मला पण!" छोटी खुर्चीपाशी जाऊन उड्या मारत होती. "मला पण बसव. माझा पण आकडा."

भाऊ वळला. त्यानं लेकीला काखेत धरून उचललं, उचलताना किंचित थांबला, आणि तिला खुर्चीत ठेवलं. तिचे पाय उशीपर्यंत पोचतही नव्हते. ती मागे सरकली, मग पुढे सरकली, आणि बुटाचं टोक कसंबसं उशीला लावून तिनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"आत्या, ढकलू? किती येतात बघ हं."

आत्यानं एक पाऊल टाकलं, खाली वाकली आणि यंत्राचा विजेचा प्लग भिंतीतून उपसून काढला. स्क्रीन काळी झाली.

"लाईट गेली, बाळा," ती म्हणाली.

छोटीनं वर पाहिलं. "पण पंखा तर फिरतोय."

 भावानं बहिणीच्या हातातल्या वायरकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. तिनं नजर काढून घेतली नाही. तेवढं तरी तिला त्याच्यासाठी करता आलं. त्यानं मान हलवली, अगदी थोडीशी, लहानपणी आईपासून काही लपवायचं ठरलं की हलवायचा तशी. मग तो सावकाश भिंतीपाशी गेला आणि त्यानं पंख्याचं बटण बंद केलं.

"आता गेली," तो लेकीला म्हणाला. "चल, घरी जाऊ."